जुन्या एमजीबीची पुढची काच आणि डॅशबोर्ड : बडोदेकरांचे नेहमीचे प्रश्न

२०२३च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हापासून आपल्या शहरात या छंदाची चौकशी वाढली आहे. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, कुणाच्या लग्नाच्या पंगतीतही तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. गाडी धरली आहे एमजीबी : १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडातल्या ॲबिंग्डनला बनलेली, १७९८ सीसी इंजिनाची, पाच लाखांहून जास्त निघालेली दोन दारांची स्पोर्ट्स कार. मिजेट, एमजीए किंवा ट्रायम्फवाल्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल, पण बोल्ट कुठे आहे ते आपापल्या मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावं.

बदलायची आहे फक्त काच. मग मिस्त्री डॅशबोर्ड का उतरवायला सांगतो?

कारण तो गाडी ओळखतो. उघड्या एमजीबीची, म्हणजे रोडस्टरची, काच बॉडीला चिकटवलेली नसते. ती ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसते आणि चौकटीचे दोन खांब दोन्ही बाजूंनी बॉडीत खाली उतरतात. तिथे प्रत्येक खांबाला दोन बोल्ट असतात. या बोल्टांपर्यंत हात जातो तो डॅशबोर्डच्या खालून आणि मागून. मध्ये आरसा अडकवलेली बारीक दांडी असते, तीही खाली स्क्रूंनी धरलेली असते. म्हणजे काच गाडीच्या बाहेर दिसत असली तरी तिची मुळं डॅशबोर्डच्या पोटात आहेत.

डॅशबोर्ड पूर्ण न काढताही हे बोल्ट निघतात. ग्लोव्हबॉक्स काढा, एकदोन मीटर बाहेर ओढा, लांब एक्स्टेंशन आणि युनिव्हर्सल जॉइंट लावलेला बॉक्स पाना आत घाला आणि पाठ सीटच्या कडेवर टेकवून उलटे पडा. बारीक हाताचा पोऱ्या असेल तर जमतं. पण बोल्ट काढणं हा सोपा भाग. परत बसवताना नवं रबर जाड असतं, चौकट वर उचलली जाते, भोकाला भोक जुळत नाही, आणि तेव्हा पुढे मोकळी जागा लागतेच. माझं मत स्पष्ट आहे : चौकट काढायची तर डॅशबोर्ड काढा, आणि डॅशबोर्डसाठी गाडी उघडली असेल तर चौकटीचं रबरही त्याच खेपेला बदला. ही दोन कामं वेगवेगळ्या वर्षी करणारा माणूस एकच काम दोनदा करतो.

माझी जीटी आहे, वर पक्कं छप्पर असलेली. तिलाही हेच लागू?

नाही, तुम्ही सुटलात. १९६५पासून आलेल्या जीटीची काच साध्या मोटारीसारखी रबराच्या बीडिंगमध्ये बसते. बीडिंगच्या खाचेत दोरी घालायची, काच बाहेरून टेकवायची आणि आतून दोरी ओढत रबराची कड बॉडीच्या पत्र्यावर चढवायची. अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीवर हात बसलेला कुठलाही जुना काचवाला हे डोळे मिटून करेल. बाहेरची चकचकीत पट्टी मात्र जपून काढा. ती वाकली की सरळ होत नाही, आणि नवी पट्टी बसवताना काचवाल्याचा संयम संपतो. डॅशबोर्डला हात लावायची गरज नाही.

एमजीचा कारखाना तर हलोललाच आहे. तिथून काच मिळणार नाही?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो. आपल्यापासून चाळीसेक किलोमीटरवर एमजीच्या गाड्या बनतात, त्यामुळे मनात येणं साहजिक आहे. पण हलोलचा तो कारखाना मुळात जनरल मोटर्सचा, १९९०च्या दशकातला. २०१७मध्ये तो चिनी कंपनी साइकच्या हाती गेला आणि २०१९मध्ये तिथून हेक्टर बाहेर पडली. ॲबिंग्डनचा कारखाना १९८०मध्येच बंद झाला. अष्टकोनी बिल्ला तोच आहे, बाकी साचा, काच, रबर, स्क्रूचा आटासुद्धा वेगळा. शोरूममध्ये गेलात तर लोक गाडीबरोबर फोटो काढतील, चहाही पाजतील, पण पार्ट मिळायचा नाही.

दिलाशाची गोष्ट अशी की जुन्या इंग्लिश गाड्यांमध्ये एमजीबीइतका पार्टांचा सुकाळ क्वचितच कुणाचा असेल. १९८८पासून तिची अख्खी बॉडीसुद्धा मूळ साच्यांवर नव्याने बनते. काच, चौकटीचे भाग, रबराचे संच, डॅशबोर्डची कव्हरं हे सगळं इंग्लंडमधून मागवता येतं.

काच इथेच बनवून घेतली तर?

सपाट काच असेल तर खुशाल. टीसी, टीडी, टीएफ या १९४५ ते १९५५मधल्या एमजींना सपाट काच असते. पुठ्ठ्याचा नमुना कापायचा आणि लॅमिनेटेड काच कापणाऱ्याकडून तशी कापून कडा घासून घ्यायची. घासलेली कड बोटाला गुळगुळीत लागली पाहिजे, कारण तडा कायम कडेवरच्या टवक्यातून सुरू होतो.

एमजीबीची काच मात्र वळणदार आहे. दिसायला थोडीशीच वळलेली, पण त्यासाठी साचा लागतो, भट्टी लागते आणि दोन काचा एकसारख्या वाकवाव्या लागतात. एका नगासाठी हे करायला बसलात तर तयार काच लाकडी पेटीत घालून मागवणं स्वस्त पडतं. वळण किंचित जरी चुकलं तर काच चौकटीत बसते, स्क्रू आवळले जातात, आणि पहिल्या खड्ड्यात कोपऱ्यातून तडकते.

टफन की लॅमिनेटेड?

लॅमिनेटेड. पुढच्या काचेला दुसरा पर्याय मनातही आणू नका. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. दगड बसला तर तडा जातो, पण काच जागेवर राहते आणि समोरचं दिसतं. टफन काच फुटली की क्षणात सगळी पांढरी होते नाहीतर दाण्यांसारखी अंगावर येते. इंग्लंडात विकल्या गेलेल्या काही जुन्या गाड्यांना टफन काच होती. तशी तुमच्याकडे असेल आणि अजून शाबूत असेल, तरी बाकीचं काम निघालं की ती बदलून टाका. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही पुढच्या काचेसाठी लॅमिनेटेडच सांगितली आहे.

नाण्याएवढा टवका उडालाय. अख्खी काच बदलायलाच हवी का?

टवका फक्त बाहेरच्या थरात असेल, चालवणाऱ्याच्या नजरेसमोर नसेल आणि कडेपासून लांब असेल तर रेझिन भरून घ्या. काम तासाभराचं. तोपर्यंत त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही. आणि भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाण्याचा पाइप सोडू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या आसपास जातो आणि रविवारी दुपारी गाडी धुण्याची हौस अनेकांना असते. नाण्याएवढ्याचा हातभर तडा असाच होतो. तडा कडेपर्यंत पोचला असेल तर रेझिनचे पैसे वाया.

चौकटीचे स्क्रू हलतच नाहीत. काय करू?

हलणार नाहीतच. चौकट ॲल्युमिनियमची आणि स्क्रू लोखंडी, मध्ये पन्नास पावसाळ्यांचं पाणी. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून बसले की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते आणि तीच स्क्रूला सिमेंटसारखी धरून ठेवते. इथे जोर लावलात तर स्क्रूचं डोकं तुटतं, आणि मग ते प्रकरण लेथवाल्याकडे जातं.

आधी स्क्रूच्या खाचेतली घाण टोकदार सुईने साफ करा. भेदक तेल टाका आणि रात्रभर सोडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाका. मिस्त्री रॉकेल वापरतात, ते अगदीच वाईट नाही, पण डब्यातलं भेदक तेल जास्त आत शिरतं. नंतर हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. त्याचा झटका आणि फिरणं एकदम होतं, त्यामुळे पकड सुटते. टोक स्क्रूच्या खाचेत बरोबर बसतंय ना, हे दहा वेळा पाहा. थोडी उष्णताही चालते, पण काच चौकटीत असताना गॅसची ज्योत जवळ नेऊ नका. हेअर ड्रायर किंवा हीट गन पुरते.

तरीही तुटलाच, तर मधोमध पंच मारून बारीक ड्रिलने पोखरा. मकरपुरा जीआयडीसीत हे काम सफाईने करणारे लेथवाले आहेत. त्यांना फक्त आधी सांगा की धातू मऊ आहे आणि आटा इंची आहे. एमजीबीवर बहुतेक सगळं यूएनएफ आट्याचं. त्यात मिलिमीटरचा स्क्रू 'बसतोय की' म्हणून फिरवला तर आटा गेलाच म्हणून समजा. पानेही इंचीच लागतील : सात-सोळांश, अर्धा, नऊ-सोळांश. अकरा आणि तेरा नंबरचे पाने जवळपास बसतात, आणि बोल्टची डोकी गोल होतात ती या 'जवळपास'मुळेच.

नवे स्क्रू स्टेनलेसचे घातलेत तरी अँटी-सीज पेस्ट लावा. स्टेनलेस गंजत नाही, पण ॲल्युमिनियमला खाण्याचं थांबत नाही.

चौकट सुटी असताना तिला पॉलिशच्या चाकावर धरायचा मोह आवरा. तिच्यावर ॲनोडायझिंगचा थर असतो. तो घासला गेला की चार दिवस आरशासारखी चमकते आणि पहिल्या पावसानंतर डागाळते. चमक हवीच असेल तर पॉलिश करून पुन्हा ॲनोडायझिंग करून घ्यावं.

नवी काच चौकटीत कशी बसवायची?

दोन माणसं लागतात, तीन असली तर उत्तम. घरातली जुनी गोधडी टेबलावर पसरा. नवं रबर पार्सलातून आल्यावर घडीचं, कडक असतं. ते अर्धा तास उन्हात ठेवा, मऊ पडतं. या एका बाबतीत बडोद्याचं ऊन आपल्या बाजूने आहे.

आतलं रबर काचेच्या कडेभोवती चढवायचं आणि साबणाचं पाणी लावायचं. ग्रीस किंवा डिझेल नको, दोन्ही रबर फुगवतात. आधी खालची आणि वरची पट्टी दाबून बसवायची, मग बाजूचे खांब. खांबांच्या कोपऱ्यातली भोकं शेवटचे दोन-तीन मिलिमीटर जुळत नाहीत, आणि इथेच लोक हातोडी शोधू लागतात. हातोडी आणूच नका. सामान बांधायचे रॅचेटवाले पट्टे चौकटीभोवती आडवे-उभे बांधा आणि आळीपाळीने एकेक दात आवळा. रबर हळूहळू दबतं. मध्येच थांबा, चहा घ्या, परत या, रबर आणखी थोडं बसलेलं असतं. भोकं जुळली की सगळे स्क्रू आधी सैल लावायचे आणि मगच पक्के करायचे. एक कोपरा पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात की सगळा ताण काचेच्या समोरच्या कोपऱ्यावर जातो.

दुसरं रबर चौकट आणि बॉडी यांच्या मधलं. ते खालच्या पट्टीच्या खाचेत एका टोकाकडून सरकवून घालायचं असतं, आणि चौकट गाडीवर चढवायच्या आधीच. त्याची पुढची ओठासारखी कड बॉनेटच्या दिशेने पसरली पाहिजे. चौकट खाली उतरताना ही कड हमखास आत दुमडते. उपाय सोपा आहे : कडेखाली जाड सुतळी ठेवा, दोन्ही टोकं बाहेर. चौकट टेकली की सुतळी पुढे ओढत काढा, कड आपोआप बाहेर येते.

आता बोल्ट. एकाने चौकट वरून दाबून धरायची, दुसऱ्याने खालून निमुळती सळई भोकात घालून रेषेत आणायची, मग बोल्ट हाताने चार आटे फिरवायचा. काढताना खांबाखाली पातळ चकत्या निघाल्या असतील तर त्या ज्या बाजूच्या त्याच बाजूला परत घाला.

बोल्ट पक्के केले आणि आता दाराची काच खांबाला घासते.

म्हणजे चौकटीचा कल पाहिला नाही. खांबाची भोकं जरा मोकळी असतात, त्यामुळे चौकट थोडी पुढे-मागे झुकते. बोल्ट सैल असताना दोन्ही दारं बंद करा आणि दारावरच्या छोट्या त्रिकोणी काचेची कड खांबाशी समांतर येते का पाहा. मग कापडी हूड चढवून पुढे अडकवून बघा. हूड ओढून-ताणून बसत असेल तर चौकट फार पुढे गेली आहे. दोन्ही जुळल्यावरच आवळायचं. आता करायचं तर बोल्ट सैल करा आणि पुन्हा जुळवा. डॅशबोर्ड अजून बाहेर असेल तर दहा मिनिटांचं काम. आत बसवला असेल तर पहिलं उत्तर पुन्हा वाचा.

सगळीकडून सिलिकॉन मारला तर गळती थांबेल ना?

काही दिवस थांबेल. व्हिनेगरसारखा वास येणारा स्वस्त सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतो आणि पत्र्याला गंज लावतो, तोही आतून, दिसणार नाही अशा जागी. आणि हल्लीच्या गाड्यांची काच चिकटवायचं काळं पीयू रोडस्टरच्या चौकटीला तर अजिबात लावू द्यायचं नाही. पुढच्या वेळी काच काढायला येणारा तुम्हाला शिव्या घालेल. जीटीच्या बीडिंगखाली न सुकणारं मऊ सीलंट चालतं. रोडस्टरला चांगलं रबर पुरतं.

काच, रबर सगळं नवं, तरी पावसात पाय भिजतात.

मग पाणी काचेतून येतच नसेल. एमजीबीत हीटरच्या हवेच्या जाळीतून आत गेलेलं पाणी खाली एका नळीने बाहेर पडायचं असतं. ती नळी पानांनी आणि मातीने तुंबली की पाणी पायाशी उतरतं. वायपरच्या दांड्यांभोवतीची रबरं आणि दाराच्या बिजागरांकडची सीलंही पाहा. शोधायची रीत : एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून बारीक धार खालून वर नेत सोडायची. वरून सुरू केलंत तर सगळंच गळतंय असं वाटतं.

डॅशबोर्ड काढण्याआधी काय तयारी करावी?

बॅटरी सोडा. १९७४पर्यंतच्या गाड्यांत सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. आधी अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली, केबल काढायची.

मग फोटो. एकेका मीटरच्या मागचे, जवळून आणि लांबून, आणि प्रत्येक वायरीला कागदी टेपची चिठ्ठी. वायरींच्या रंगांना अर्थ आहे, तो समजून घेतला तर अर्धी भीती जाते. तपकिरी म्हणजे बॅटरीतून थेट, फ्यूजशिवाय, कायम करंट असलेली. जांभळी कायम करंटची पण फ्यूजमधून. पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी चावीनंतर फ्यूजमधून. लाल बाजूच्या दिव्यांची, निळी हेडलाइटची, काळी अर्थची. अडचण अशी की आपल्याकडे गाडी चार हातांतून फिरलेली असते, आणि प्रत्येक वायरमनने हाताशी होती ती वायर लावलेली असते. डॅशबोर्डच्या मागे पिवळ्या रंगाची, ट्रॅक्टरवर असते तशी जाड वायर दिसली तर आश्चर्य मानू नका. तिचा माग काढा.

दोन जागी घाई महागात पडते. ऑइल प्रेशर आणि पाण्याचं तापमान दाखवणारं जोडमीटर बऱ्याच गाड्यांत विजेवर नव्हे, नळ्यांवर चालतं. तापमानाच्या केसासारख्या नळीत द्रव कायमचा बंद केलेला असतो, तिचं दुसरं टोक थेट इंजिनाच्या हेडमध्ये. ती दुमडली किंवा कापली की मीटर मेलं. हेडमधलं टोक सहज सुटत नसेल तर मीटर नळीसकट तिथेच लटकत राहू द्या आणि डॅशबोर्डचा पत्रा त्याच्यावरून काढून घ्या. ऑइलच्या नळीच्या सांध्यात चामड्याचा छोटासा वॉशर असतो, तो हमखास कुठेतरी पडतो. नसला तर नव्या गालिच्यावर इंजिन ऑइल ठिबकतं.

बाकी स्पीडोमीटरची केबल, चोक, हीटरच्या तारा हे सरळ आहे. लोखंडी डॅशबोर्डच्या वरच्या कडेला मागून नटांची रांग असते, त्यासाठी आडवं झोपावं लागतं. स्टिअरिंग व्हील काढलंत तर जागा मोकळी होते. कॉलमच्या ब्रॅकेटखाली चकत्या असतील तर त्यांची जागा लिहून ठेवा.

'पॉझिटिव्ह अर्थ' ही काय भानगड आहे?

१९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असे. नंतर जगाप्रमाणे मायनस झाला. तुमची गाडी जुनी असेल तर आज ती कशी जोडलेली आहे हे मल्टीमीटर लावून तपासा, वर्षावरून ठरवू नका, कारण मधल्या काळात कुणीतरी रेडिओसाठी ती उलटवलेली असू शकते. टॅकोमीटर, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर, यूएसबी चार्जर ही मंडळी उलट करंट सहन करत नाहीत.

माझा डॅशबोर्ड फोमचा आहे आणि वरून तडकला आहे.

म्हणजे गाडी अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली, १९६८च्या मॉडेलपासूनची. तिथल्या सुरक्षा नियमांमुळे कंपनीने लोखंडी डॅशबोर्ड काढून जाड गादीसारखा घातला आणि ग्लोव्हबॉक्सच गायब केला. तो १९७२च्या मॉडेलात परत आला. हे व्हिनाइल उन्हात आकसतं आणि मीटरांच्या भोकांपासून फाटत जातं. वरून चिकटवायचं तयार कवच मिळतं. लांबून ते चांगलं दिसतं, जवळून कड कळते. दुसरा रस्ता म्हणजे भेगा व्ही आकारात कापून, लवचीक फिलर भरून, पुन्हा व्हिनाइल चढवणं. सीटकव्हरवाल्यांपैकी ज्याला उष्णतेने व्हिनाइल ताणता येतं तोच हे करू शकतो. त्याला आधी त्याने केलेला एखादा दाराचा पॅड दाखवायला सांगा.

अमेरिकी गाडीचा डॅशबोर्ड डाव्या हाताच्या स्टिअरिंगचा असतो. ऑनलाइन स्वस्त दिसला म्हणून मागवाल आणि आरशात पाहिल्यासारखा उलटा निघेल. काच दोन्हीकडे एकच, पण वायपरची जागाही बदलते. अमेरिकेतल्या रोडस्टरला १९६९पासून तीन-तीन वायपर होते.

लाकडी डॅशबोर्ड बसवू का? संखेड्याचं काम किती सुंदर असतं!

संखेड्याचा झोपाळा घरात शोभतो. एमजीबीला मूळचा काळा, सुरकुत्यांच्या रंगाचा पत्राच शोभतो. तो रंग डब्यात मिळतो. जाड थर द्यायचा आणि उष्णता द्यायची, म्हणजे सुरकुत्या उमटतात. लाकूड लावायचंच असेल तर पत्रा कापू नका, त्याच्यावरून पातळ व्हिनियर लावा, म्हणजे पुढच्या मालकाला ते काढता येईल.

पेट्रोलचा काटा कधी भरलेला, कधी रिकामा दाखवतो. मीटर बदलू?

आधी स्टॅबिलायझर पाहा. डॅशबोर्डमागे छोटी डबी असते, ती मीटरला सरासरी दहा व्होल्ट देते. तिची अर्थ खराब झाली की काटा मनाला येईल तसं वागतो. तापमानाचं मीटर विजेवरचं असेल तर तोही काटा त्याच्याबरोबर चढतो-उतरतो. दोन्ही एकदम खोटं बोलत असतील तर दोष डबीचा. एकटा पेट्रोलचाच असेल तर टाकीतल्या फ्लोटचा.

स्मिथ्स कंपनीची ही मीटरं उघडता येतात. बाहेरची कडी जरा फिरवली की सुटते, काच आतून पुसा, रबराची कडी बदला. डायलच्या छपाईला बोट लावू नका, अक्षरं पुसली जातात. स्पीडोमीटर बदलायचा झाला तर डायलवरचा बारीक आकडा जुळवून घ्या, जसं १०४० किंवा १२८०. केबल एका मैलाला किती फेरे घेते ते तो सांगतो. आकडा वेगळा असेल तर वेगही चुकीचा दिसेल.

डॅशबोर्ड उघडाच आहे, तर आणखी काय करून घ्यावं?

काचेवर हवा सोडणाऱ्या नळ्या कागदासारख्या फाटलेल्या असतात, त्या बदला. वायपरच्या दात्यांच्या पेट्यांत नवं ग्रीस भरा, कारण परत तिथे हात जाणार नाही. मीटरचे सगळे बल्ब आणि अर्थचे सांधे घासून साफ करा. वायरिंगचं आवरण चुरा होत असेल तर अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, याच वेळी बदला. एवढ्यावर थांबा. या यादीत 'हीटरही काढू' हे वाक्य आलं की गाडी दिवाळीपर्यंत घोड्यांवर उभी राहते.

२०२४च्या पुरात गाडी डॅशबोर्डपर्यंत बुडाली होती. नंतर सुकवली, चालूही झाली. ठीक आहे ना?

विश्वामित्री ऑगस्टमध्ये घरात शिरली तेव्हा लोकांना मगरीची काळजी होती, गाडीची आठवण नंतर आली. चालू होणं हा पुरावा नाही. पुराच्या पाण्यातला गाळ मीटरच्या आत, स्विचच्या संपर्कांवर आणि वायरींच्या जोडांत बसतो आणि ओलावा धरून ठेवतो. हिरवट थर दिसला की त्या वायरीचं टोक कापून नवं लावा. आत तांबं काळं पडलेलं असेल तर वायरच बदला. खांबांचे बोल्ट जिथे बसतात ते कोपरेही उघडून धुवा. गाळ तिथे साचतो आणि गंज आतून बाहेर येतो.

स्वतः करू की गॅरेजात देऊ?

डॅशबोर्ड स्वतः काढा. त्याला ताकद नाही, चिकाटी लागते, आणि गॅरेजात कुणी चिठ्ठ्या चिकटवत बसत नाही. काच चौकटीत बसवायला मात्र ज्याने पूर्वी चौकटीच्या काचा बसवल्या आहेत असा माणूस शोधा, आणि तो काम करताना तिथे थांबा. खर्चात काच स्वतः फार मोठी नसते. मोठं असतं ते लाकडी पेटीचं भाडं आणि त्यावरची कस्टम ड्यूटी. म्हणून रबर, स्क्रू, नळ्या, वॉशर सगळं एकाच पार्सलात मागवा. पेटी आली की डिलिव्हरीवाल्यासमोर उघडा आणि चारही कोपरे पाहा, मगच सही करा.

विम्यातून मिळेल का?

फक्त थर्ड पार्टी असेल तर नाही. पूर्ण विमा असेल तर काचेवर घसारा कापत नाहीत, रबर आणि प्लास्टिकवर पन्नास टक्के कापतात. म्हणून बिलात काच आणि रबर वेगळे लिहून घ्या. बंद झालेल्या मॉडेलची किंमत कंपनी आणि मालक आपसांत ठरवतात, ती पॉलिसी घेतानाच नीट ठरवा. दुरुस्ती सुरू करण्याआधी सर्व्हेअरला काच दाखवा, तुकडे फेकू नका.

गाडीला पन्नास वर्षं पूर्ण झाली, व्हिंटेज गाड्यांचा व्हीए नंबर घ्यायचा आहे. नवा डॅशबोर्ड आडवा येईल?

२०२१च्या नियमांत चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठे बदल नकोत असं आहे. काच, रबर, मीटर त्यात येत नाहीत. नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, आणि रोज ऑफिसला नेण्यासाठी ती गाडी वापरता येत नाही.

नव्या काचेवर काळी फिल्म?

नाही. सुप्रीम कोर्टाने २०१२मध्ये फिल्मला बंदी घातली, पुढच्या काचेतून किमान सत्तर टक्के प्रकाश यायला हवा. आणि उघड्या रोडस्टरला फिल्म लावून ऊन अडवणार तरी कुठून? टोपी घाला.